छत्तीस पिस्टनचा माणूस

कुणाला पेशवाई लागलेली असते, कुणाला १९८३चा वर्ल्ड कप, कुणाला होमिओपॅथी. एटापल्लीच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली टिनाचं शेड टाकून बसलेल्या आमच्या हवालदारसाहेबांना इंग्रजांचं एक डिझेल इंजिन लागलं आहे. ते त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाहिलं असतं तर इतकं लागलं नसतं, असं माझं मत आहे.

सूरजागडच्या पहाडावरून लोहखनिज भरून निघालेल्या गाड्या या शेडसमोरूनच आलापल्लीकडे जातात. गाडी कुठल्याही कंपनीची असो, इकडे तिला ‘हायवा’च म्हणतात. दिवसभर हायवा, रात्रभर हायवा. लाल धूळ इतकी, की पांढरा कोंबडा दुपारपर्यंत गावठी होतो. एवढ्या गाड्या म्हटल्यावर मेकॅनिकला मरण नाही. दुसरा कुणी असता तर एव्हाना त्यानं स्लॅबचं घर बांधलं असतं. हवालदारांच्या शेडला अजून दार नाही. कारण गाडी दुरुस्त करणं हे त्यांच्या लेखी दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे ती दुरुस्त होईपर्यंत तिच्या ड्रायव्हरला ते इंग्रजांचं इंजिन समजावून सांगणं.

सैन्यात ते ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते आणि नोकरीतली उमेदीची वर्षं त्यांनी विजयंता रणगाड्यावर काढली. विजयंता म्हणजे १९६५ साली सेवेत आलेला, विकर्सच्या आराखड्यावरून चेन्नईजवळ आवडीला बनलेला आपला रणगाडा. १९७१च्या लढाईत तो होता. त्याच्या पोटात लेलँडचं एल-६० नावाचं इंजिन. सहा सिलिंडर, पण पिस्टन बारा! एकेका सिलिंडरमध्ये दोन-दोन, वरून एक आणि खालून एक, समोरासमोर येणारे. या इंजिनाची कीर्ती जगभर होती, फक्त ती चांगली नव्हती. लायनर दगा द्यायचे, सील गळायचे, रिंगा तुटायच्या. इंग्रजांच्या स्वतःच्या चीफ्टन रणगाड्यातही तेच इंजिन होतं आणि त्यांचे मेकॅनिकही त्याच्या नावानं बोटं मोडत. आमचे हवालदार मात्र त्याच्या प्रेमात पडले. का, ते पुढे येईलच.

सिकंदराबादला ट्रेनिंगमध्ये असताना एका उस्तादांनी एल-६० शिकवता शिकवता फळ्यावर एक उलटा त्रिकोण काढला आणि म्हणाले, “याचा एक मोठा भाऊ आहे.” झालं. पेन्शन लागली, केस गेले, गुडघे गेले, त्रिकोण गेला नाही.

तो भाऊ म्हणजे नेपियर डेल्टिक. हवालदार हे नाव घेताना उजवा हात आपोआप पँटच्या शिवणीला लावतात.

तुम्ही चहाला टेकलात की सुरू. “सांगा बरं, डिझेलमध्ये सगळ्यात जास्त काय जाते?” तुम्ही म्हणता, पैसे. ते म्हणतात, “हेड गॅस्केट. आता ज्या इंजिनाले हेडच नाही, त्याचं गॅस्केट जाईन कुठून? व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही, रॉकर नाही. दोन पिस्टन, समोरासमोर. मधात डिझेल पेटलं की हा इकडे, तो तिकडे. एकानं हवेचं भोक उघडलं, दुसऱ्यानं धुराचं. डोकं लागतच नाही!”

आतून वहिनींचा आवाज येतो, “म्हणून तं पटलं दोघाचं.”

हवालदार वहिनींचं बोलणं ऐकू आलंच नाही असं दाखवतात. चाळीस वर्षांच्या संसारात ही कला त्यांनी कुठल्याही इंजिनापेक्षा चांगली सांभाळली आहे.

समोरासमोर पिस्टनची ही कल्पना तशी जर्मन. युंकर्स कंपनीनं अशीच इंजिनं विमानात उडवली होती आणि १९३०च्या दशकात लंडनच्या नेपियरनं त्यांचं लायसन्स घेतलं होतं. मग युद्ध आलं. इंग्रजांच्या टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालणाऱ्या, गोळी लागली की होळी. जर्मनांच्या बोटी डिझेलवर, निवांत. १९४३ साली इंग्रज आरमाराला पटलं की आपल्यालाही हलकं आणि दांडगं डिझेल पाहिजे. ऑर्डर नेपियरला मिळाली १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. (हा भाग आला की हवालदार थांबतात आणि समोरच्याकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहतात. सरकारी काम सगळीकडे सारखंच, हे त्यांना तोंडानं म्हणायचं नसतं. फौजी माणूस.) नेपियरच्या लोकांनी विचार केला, एका सिलिंडरला दोन टोकं, दोन टोकांना दोन क्रँकशाफ्ट. मग तीन सिलिंडर त्रिकोणात लावले तर? सहा क्रँकऐवजी तिनांतच भागतं, प्रत्येक कोपऱ्यातला क्रँक दोन्ही शेजाऱ्यांचं काम करतो. असे सहा त्रिकोण एकामागे एक. अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन, तीन क्रँक, अठ्ठ्याऐंशी लिटरचं पोट आणि अडीच हजार अश्वशक्ती. जर्मनांकडून हाती लागलेल्या एका बोटीतली तीनपैकी दोन इंजिनं काढून त्या जागी दोन डेल्टिक बसवून पाहिली, तर ही आकारानं जवळजवळ निम्मी निघाली.

इथपर्यंत ऐकणारा टिकतो. पुढे गोची आहे. तिन्ही क्रँक एकाच दिशेला फिरवले तर पिस्टनांचा मेळ बसत नाही. धुराचं भोक उघडणारा पिस्टन हवेवाल्याच्या किंचित पुढे चालायला हवा, वीस अंश पुढे. दोन सिलिंडरांत ते जमतं, तिसऱ्यात सगळं उलटं होतं. नेपियरचे इंजिनिअर डोकं धरून बसले होते. मग आरमाराच्याच कामातला पेनवॉर्डन नावाचा एक माणूस म्हणाला, तिघांतला एक उलटा फिरवा. एवढंच. आणि जमलं.

हे समजावून सांगायला हवालदारांना कागद पुरत नाही. मी पाहिलं त्या दिवशी त्यांनी तीन क्लीनर पोरांना धरलं. एक छत्तीसगढचा, एक सिरोंच्यापलीकडे तेलंगणातल्या गावचा, एक इथलाच, माडिया. तिघांना त्रिकोणात उभं केलं, एकमेकांचे पंजे पंज्यांना टेकवले. “हा सिलिंडर, हा सिलिंडर, हा सिलिंडर. आता दाबा अन् फिरा!” पोरं गरागरा फिरायला लागली आणि दुसऱ्याच फेरीत एकमेकांच्या हातात गुंतून गाठोडं झालं. “पाहिलं?” हवालदार खूश. “हेच झालं होतं त्याहीचं. आता तू उलटा फिर.” छत्तीसगढच्या पोराला मराठी कळेना, तेलंगणाच्याला ‘उलटा’ म्हणजे ओकारी वाटली असावी, तो जरा बाजूला सरकला. माडिया पोरगं तेवढं शांतपणे उलटं फिरलं. आणि खरंच, क्षणभर ते यंत्र चाललं. तीन डोकी, सहा हात, लाल धुळीचा गोल. मागे खोळंबलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले तेव्हा कुठे इंजिन बंद करण्यात आलं.

डेल्टिकवरचं त्यांचं दुसरं साहित्य म्हणजे बोट. धुळीनं माखलेल्या हायवाच्या दारावर ते बोटानं तो त्रिकोण काढतात, टोक खाली, जसा खऱ्या इंजिनात असतो तसा. खाली ३६ लिहितात. धूळ लाल असल्यामुळे त्रिकोणही लालच होतो. एकदा आरोग्य खात्याच्या एक ताई लसीकरणाला जाताना समोरून अशा चार-पाच गाड्या आलेल्या पाहून थबकल्या. उलटा लाल त्रिकोण! कुटुंब नियोजनाचा! त्यांना वाटलं, खात्यानं आपल्याला न सांगताच मोहीम काढली. शेडशी येऊन त्यांनी विचारलं, “हे कोणाच्या आदेशानं चाललंय, आणि छत्तीस म्हणजे काय, टार्गेट आहे का?”

“छत्तीस पिस्टन,” हवालदार म्हणाले.

ताईंनी ते कोणत्या अर्थानं घेतलं मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जातात.

डेल्टिक रुळांवर आलं तो अध्याय हवालदारांच्या खास आवडीचा. १९५५ साली इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीनं निळ्या रंगाचं, नाकाडावर पिवळट पट्टे ओढलेलं एक लोकोमोटिव्ह बनवलं, पोटात दोन डेल्टिक, रेल्वेसाठी जरा मवाळ केलेली, दोन्ही मिळून तेहतीसशे अश्वशक्ती. ते पाहून ब्रिटिश रेल्वेनं १९६१-६२ मध्ये तशी बावीस घेतली आणि पंचावन्न वाफेच्या इंजिनांना घरी बसवलं. लंडन ते एडिंबरा, ताशी शंभर मैलांनी. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना रेसच्या घोड्यांची नावं: निम्बस, टुल्यार, मेल्ड, क्रेपेलो, पिन्झा. ही नावं हवालदारांनी आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना वाटून टाकली आहेत. गाडीवर मागे ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहिलेलं असो की ‘बुरी नजर वाले’, शेडमध्ये आली की ती टुल्यार. एका ड्रायव्हरनं फोनवर मालकाला कळवलं, “शेठ, मिस्त्री बोलता है गाडी को पिन्झा हुआ है.” शेठ घाबरला. म्हणाला, किती खर्च येईल?

मोबाईलवर या रेल्वे इंजिनांचे व्हिडिओ आहेत, हे त्यांना पुतण्यानं दाखवलं. तेव्हापासून एक नवा त्रास सुरू झाला. डेल्टिक सुरू होताना आधी धुराचा लोट सोडतं, आणि मग त्याचा तो प्रसिद्ध घुमारा चढत जातो. एटापल्लीच्या नेटवर्कवर धूर येतो. घुमारा यायच्या वेळी पडद्यावर गोल चकरी फिरायला लागते. हवालदार फोन उंच धरून मोहाच्या झाडाखाली, मग रस्त्याच्या पलीकडे, मग टाकीवर चढून पाहतात. चकरीच. त्यामुळे उरलेला आवाज ते स्वतः काढतात. डोळे मिटून, गालांत हवा भरून, पोटातून. वहिनींची शेळी या आवाजाला ओ देते.

आता त्यांच्या धंद्याविषयी. एक गाडी भर दुपारी बंद पडून आली. मलासुद्धा कळत होतं की डिझेलच्या लाइनमध्ये एअर आलेली आहे. नट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे गेले की नट कसायचा, दहा मिनिटांचं काम. हवालदारांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिनावर कान ठेवला, जे बंद होतं, आणि गंभीरपणे म्हणाले, “हेड उतरवावं लागीन.” मग स्टूल ओढून ड्रायव्हरला विचारलं, “सांग बरं, डिझेलमध्ये सगळ्यात जास्त काय जाते?” ते १९४६ पर्यंत पोचले असतील-नसतील, तेवढ्यात क्लीनरनं मागच्या मागे हातपंप मारला आणि गाडी सुरू झाली. ड्रायव्हर ‘येतो साहेब’ म्हणून निघाला. हवालदार पाना हातात घेऊन त्या गाडीकडे बघत राहिले. तो चेहरा मी विसरणार नाही. मुलगी पाहायला आलेले लोक पोहे न खाता उठून गेल्यावर बापाचा होतो, तसा.

तिथे मला त्यांचं इंगित कळलं. या माणसाला इंजिन चालण्यात रस नाही. जे चालतं त्याचं काय बोलायचं? आजकालच्या गाड्यांबद्दल ते तुच्छतेनं सांगतात, “दोन लाख किलोमीटर उघडतच नाही जी. काय करायचं त्याचं? पूजा?” विजयंताचं इंजिन पुन्हा पुन्हा बाहेर काढावं लागायचं, म्हणून ते थोर. युनिटमध्ये सकाळी ऑफिसरसुद्धा आधी यांना शोधत यायचे. डेल्टिकची गोष्ट तर याच्याही पुढची. ते इतकं गुंतागुंतीचं, की बिघडलं तर रेल्वेनं शेडमध्ये खोलत बसायचंच नाही, अख्खं उचलायचं, दुसरं बसवायचं आणि बिघडलेलं तज्ज्ञांकडे पाठवायचं, अशीच व्यवस्था होती. हे सांगताना हवालदारांचा घसा दाटतो. जगात कुठेतरी अशी एक कार्यशाळा होती, जिथे दाराशी रोज छत्तीस पिस्टनांचा एक पेशंट येऊन पडत होता आणि त्याला हात लावायची इतर कुणाची हिंमत नव्हती. स्वर्ग म्हणतात तो याहून वेगळा असेल असं त्यांना वाटत नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांची फूटपट्टी हीच. धडधाकट, वेळेवर पैसे देणारा गिऱ्हाईक आला तर ते त्याच्याशी नीट बोलत नाहीत. रडतखडत आलेला, उधारी ठेवणारा, बायकोशी भांडून आलेला ड्रायव्हर मात्र तासभर बसतो, चहा पितो, जेवूनही जातो. वहिनींना संधिवात झाला तेव्हा ते जितके प्रेमानं वागले तितके लग्न झालं तेव्हाही नव्हते, असं त्याच सांगतात.

खाण असावी की नसावी, यावर चहाच्या टपरीवर कायम दोन पक्ष असतात. रोजगार एका बाजूला. जंगल, ठाकुरदेवाचा पहाड आणि ग्रामसभा दुसऱ्या बाजूला. हा वाद जुना आहे आणि त्यात विनोद फार थोडा आहे. २०१६च्या डिसेंबरात पहाडावर कितीतरी गाड्या एका दिवसात जाळल्या गेल्या, त्याचा विषय निघाला की हवालदारसुद्धा छत्तीसचा आकडा काढत नाहीत. एरवी मात्र त्यांचं मत विचारलं, तर ते दोन्ही मुठी समोरासमोर धरतात. “हा पक्ष इकडून दाबते, तो पक्ष तिकडून दाबते. मधात स्फोट. दोघाहीले वाटते, पावर आपली. पण पावर जाते क्रँकले. क्रँक कोणाच्या हाती आहे, ते पाहा ना!” टपरीवर कुणी काही बोलत नाही. एक लांबलचक हायवांची रांग घुग्गुस-कोनसरीच्या दिशेनं जाते. इंजिनांशिवाय कशातच लक्ष नसलेला माणूस असं काही बोलून जातो तेव्हा आपण जरा सावध बसतो. पण लगेच ते पुढे म्हणतात, “अन् तीन पक्ष असते तं एकाले उलटा फिरवावा लागला असता,” आणि गाडी पुन्हा पेनवॉर्डनवर.

एकदा मात्र त्यांनी सगळ्या पहाडाचीच नाराजी ओढवून घेतली. डेल्टिक सुरुंगशोधक जहाजांनाही बसवलं जायचं, त्याचं कारण ते सांगत होते. समुद्रातले चुंबकी सुरुंग लोखंडाला ओळखून फुटतात. म्हणून जहाज लाकडाचं किंवा फायबरचं, आणि इंजिन जास्तीत जास्त हलक्या मिश्रधातूचं. “लोखंड जितकं कमी, तितकं इंजिन मोठं!” हवालदार गरजले. बाजूला खाणीतले एक सुपरवायझर समोसा खात बसले होते. पहाड लोखंडाचा, पगार लोखंडाचा, समोशावर बसलेली धूळसुद्धा लोखंडाची. ते म्हणाले, “काका, असं इथं नका बोलू. शेअर पडतील.”

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानं १९६५ मध्ये एक राक्षसी पंप बनवून घेतला आणि त्याला डेल्टिक लावलं होतं, मिनिटाला आठ हजारांहून जास्त गॅलन पाणी, हे सांगून झाल्यावर मी विचारलं की शेवटी या इंजिनाचं झालं काय. हवालदारांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. १९८२ उजाडलं तसे ते बावीसही रुळांवरून उतरले. साधी, कमी पिस्टनांची इंजिनं आली. सहा लोकोमोटिव्ह हौशी लोकांनी वाचवून ठेवली आहेत, सुट्टीच्या दिवशी चालवतात. “पेन्शनर आहेत,” ते म्हणाले, “माह्यासारखे. वर्षातून एखाद्या वेळी धूर सोडतात, लोकं टाळ्या वाजवतात.”

पुतण्या मोबाईल चाळत बसला होता. त्याला विषय बदलायचा असावा. म्हणाला, “काका, आता बॅटरीच्या टिपर येऊन राहिल्या. तुमचं कसं होईल?”

“बॅटरीच्या? पिस्टन किती?”

“एकपण नाही.”

“क्रँक?”

“नाही.”

“डिझेल पंप, नोझल?”

“नाही ना. नुसती मोटर. बिघडतच नाही म्हणतात.”

हवालदार बराच वेळ गप्प बसले. वहिनींनी आतून डोकावून पाहिलं, एवढी शांतता का म्हणून. हातातला पाना त्यांनी खोक्यात ठेवला, पुन्हा काढला. मला त्यांची कीव येऊ लागली होती. तेवढ्यात पुतण्या स्क्रीनवर वाचत म्हणाला, “फक्त उन्हाळ्यात बॅटरी तापते लिहिलंय. कधीमधी आग पण लागते. अन् एकदा लागली की विझवता विझत नाही.”

“आग लागते?” हवालदारांनी स्टूल पुढे ओढलं. “विझतच नाही? आन बरं इकडे तो फोन. चित्र आहे का त्याचं? कुठून तापते?”

आणि आत तोंड करून ओरडले, “ऐकलं का जी, चहा ठेवा. तिघांचा.”